गोदीतला बहिष्कार: पेटी ओळखायची कशी?

'गोदी कामगारांनी हात आखडला की शस्त्रं अडतात', हे म्हणणं अर्धंच खरं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशन या भारतातल्या बंदर कामगारांच्या महासंघाने इस्रायलला जाणारी शस्त्रं हाताळणार नाही असं जाहीर केलं, ते मोलाचंच. पण स्फोटकांच्या कंटेनरवर सहसा चारही बाजूंना वर्ग १ ची (स्फोटक मालाची) नारिंगी पाटी असते. ड्रोनचे सुटे भाग बिनपाटीचे, साध्या यंत्रभागांसारखे निघून जातात. बहिष्कार तिथेच फसतो. म्हणून मॅनिफेस्ट (जहाजावरच्या मालाची यादी) आणि शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) पाहणारे टॅली क्लार्क, म्हणजे गोदीत माल मोजून नोंदवणारे, आणि कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्या क्लिअरिंग एजंटकडचे कारकून आधी सोबत हवेत. मुंबईत २ ऑक्टोबर १९३९ ला ९० हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवस काम बंद ठेवलं होतं. तेव्हा गिरण्याच बंद करायच्या होत्या, पेट्या शोधायच्या नव्हत्या.