चेनसॉचा सायलेन्सर मोकळा करावा का?

सडेकर_डिचोली
माझं मत आधीच सांगतो, मग काय हाणायचं ते हाणा. ज्याला चेनसॉ रोज लागतो आणि ज्याच्या कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण रेसवरचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) हाताने फिरवता येतो, त्याने सायलेन्सर मोकळा करून घ्यावा. कंपनीने बसवलेला तो डबा इंजिनाच्या सोयीने बनलेलाच नाही. तो युरोप-अमेरिकेतल्या धुराच्या आणि आवाजाच्या नियमांच्या सोयीने बनला आहे.

चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्टचं तोंड उघडतं आणि पाठोपाठ ट्रान्सफरची. जळालेला धूर बाहेर आणि पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत, दोन्ही कामं एकाच झटक्यात उरकायची. पुढे सायलेन्सरचं भोक करंगळी जेमतेम जाईल एवढं असलं की धूर तुंबतो, ताज्या मिश्रणात मिसळतो, आणि पुढचा स्फोट मवाळ होतो. तापलेला धूर तिथेच घुटमळल्याने सिलिंडरही तापतो.

माझं काम लाकूड चिरायचं. वादळात पडलेले फणस-आंबे लोकांच्या बागेतच चेनसॉला मिल (फळ्या काढायची चौकट) लावून फळ्या करून देतो. लांब चीर काढताना मशीन कितीतरी मिनिटं पूर्ण रेसवर, सतत लोडखाली असतं. फांद्या तोडणाऱ्याला हे कळायचं नाही.

करायचं काय? आतला आडवा पत्रा मोकळा करायचा आणि बाहेरचं भोक मोठं करायचं. सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टच्या ७५ ते ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. ठिणगी अडवणारी जाळी परत बसवायची. मग एच स्क्रू थोडा उघडून पेट्रोल वाढवायचं. फरक हाताला कळतो. लोडखाली मशीन बसत नाही, म्हणजे रेस पडत नाही.

बुलेटवाला_म्हापसा
शंभर टक्के बरोबर! आवाजच असा येतो की काय सांगू. आम्ही आरएक्स १०० बाईकच्या सायलेन्सरातला बफल काढायचो तेव्हापासून ठाऊक आहे.

सडेकर_डिचोली
आवाजासाठी करणाऱ्याने या धाग्यावर येऊच नये रे. आणि आरएक्स १००चा सायलेन्सर पोटात फुगीर, शेवटी निमुळता असतो. त्यातून परत येणारी लाट ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये रेटते. चेनसॉवर नुसता डबा आहे. दोन्हीचं गणित वेगळं.

कानस_चारपूर्णांकआठ
सडेकरबाब, तुमचं इंजिनाचं गणित मान्य. पण आधी चेन दाखवा.

आमच्याकडे धार लावायला जी मशीनं येतात, त्यांच्या मालकांची तक्रार एकच असते, "ताकद गेली." मी चेन उजेडात धरतो. धार असलेल्या दाताच्या कडेवरून उजेड परत येत नाही. बोथट दाताच्या टोकाला बारीक पांढरी रेघ चमकते. दहापैकी नऊ चेनींना ती रेघ असतेच. आपली लाल माती आणि चिऱ्याची पूड ओंडक्याच्या सालीत भरलेली असते. ओंडका सड्यावरून ओढत आणायचा आणि न झाडता कापायला बसायचं, मग काय होणार? एकदा चेन जमिनीला टेकली की संपली.

कापताना काय पडतं ते बघा. लांबट छिलके पडले तर चेन कापतेय. पिठासारखा भुसा पडला तर चेन घासतेय, आणि इंजिन बिचारं उगाच बोंबलतंय. .३२५ पिचच्या चेनला ४.८ मिमीची गोल कानस, बहुतेक चेनींना कोन ३० अंश, आणि दातापुढच्या टेकूची उंची दातापेक्षा ०.६५ मिमी खाली. हा टेकू कोणी घासतच नाही! दात झिजत खाली येतो, टेकू तसाच राहतो, मग दात लाकडाला लागेल कसा? पन्नास-साठ रुपये धारेला मोजायला जीवावर येतं आणि सायलेन्सरला वेल्डिंग करायला हजार निघतात.

सडेकर_डिचोली
धारेबद्दल वाद नाहीच. चिरायला मी वेगळी चेन वापरतो, १० अंशांवर घासलेली, आणि साल आधी कोयत्याने काढतो. पण धार शंभर टक्के असल्यावर पुढे काय? तिथून माझा मुद्दा सुरू होतो. तुम्ही त्याच्या अलीकडेच थांबलात.

कानस_चारपूर्णांकआठ
तिथपर्यंत पोचणारे किती, एवढंच म्हणतोय. तुम्ही पोचलात. हा धागा वाचून भोकं पाडायला बसणारे पोचलेले नसतील.

फोंड्याचा_मिस्त्री
आता माझं ऐका. सीज झालेले, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम झालेले पिस्टन माझ्या टेबलावर येतात, म्हणून बोलतोय.

सायलेन्सर उघडला की इंजिन जास्त हवा ओढतं, पण पेट्रोल जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकातून, तेवढंच येतं. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि तापमान चढतं. आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्याने पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभे ओरखडे उठतात, रिंग चिकटते, खेळ खलास. गंमत म्हणजे सीज होण्याआधी मशीन फार झकास पळतं. लीन इंजिन हलकं, तिखट वाटतं. गिऱ्हाईक खूश होऊन जातो आणि आठवड्याने पोत्यात घालून घेऊन येतो.

एच स्क्रू फिरवा म्हणणं सोपं आहे. बऱ्याच मशीनींच्या स्क्रूवर प्लॅस्टिकची टोपी असते, ती ठरावीक वळणापलीकडे जाऊ देत नाही. काही लहान मशीनींना एच स्क्रूच नसतो, जेट पक्का. त्यांचा सायलेन्सर उघडणं म्हणजे पिस्टनची सुपारी देणं. कॉम्प्युटरवाल्या कार्बोरेटरचं मशीन स्वतःला जुळवून घेतं, पण तेही ठरावीक मर्यादेपर्यंतच. आणि हे सगळं टॅकोमीटरशिवाय (इंजिनाचे फेरे मोजायचं यंत्र) करणारे महाभाग आहेत. विनालोड पूर्ण रेसवर किती आरपीएम ते मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. त्याच्या वर एक आकडाही नको.

आणखी एक कोणी बोललं नाही. पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. बहुतेक चेनसॉच्या पुस्तकात इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणजे मिश्रण आधीच थोडं लीन. त्यावर तुम्ही सायलेन्सर उघडणार. जून-जुलैत अर्धी टाकी भरून मशीन शेडमध्ये ठेवलंत तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते तळाशी वेगळं बसतं. पहिल्याच ओढीला तेच पाणी कार्बोरेटरमध्ये.

बागाईत_पेडणे
मिस्त्रीबाब, मग ऑइल वाढवलं तर? आमचा जुना माणूस लिटरला ४० मिली टाकायचा.

फोंड्याचा_मिस्त्री
उलटं होतं. ऑइल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, मिश्रण आणखी लीन. वर जाळीवर काजळी चढते ती वेगळीच. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, ऑइल चांगलं असेल तर तेवढं पुरे. आणि त्या जाळीचंच सांगतो. "ताकद गेली" म्हणून आलेल्या निम्म्या मशीनींची जाळी काजळीने बुजलेली असते. काढा, ब्रशने घासा, परत लावा. दहा मिनिटांचं काम. कानसवाले बाब आणि मी मिळून तुमचे अर्धे सायलेन्सर वाचवू.

म्हादईकाठ
जाळीचा विषय निघाला म्हणून लिहितो. सत्तरी तालुक्यात काजूची बाग आहे आमची. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला जे पेटलं ते आम्ही दारातून पाहिलं. शेवटी नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनी पाणी ओतलं. त्या आगी कशाने लागल्या यात मी शिरत नाही. पण फेब्रुवारीपासून मेपर्यंत काजूखाली घोट्याएवढा पाचोळा असतो, सड्यावरचं गवत कडकडीत वाळलेलं. एक ठिणगी पुरते.

ती जाळी ठिणगी अडवायलाच आहे. सडेकरबाब परत बसवा म्हणतात, पण प्रत्यक्षात काय होतं? भोक मोठं केलं की जुनी जाळी बसत नाही, आणि नवी कापून बसवायचा कंटाळा. माझ्याकडे कामाला आलेल्या एकाच्या मशीनला अशी दोन उघडी भोकं होती. ठेवताना त्याने मशीन तापलेलंच पाचोळ्यावर ठेवलं. मी तिथूनच परत पाठवला.

माझा नियम साधा. जाळी नसलेलं मशीन पाऊस पडेपर्यंत बागेत येणार नाही.

सडेकर_डिचोली
हा नियम मीही पाळतो, आणि याबाबत तुमच्याशी भांडणार नाही. जाळी नसेल तर काम पूर्ण झालेलंच नाही. दुसरं भोक पाडलं तर त्याचं तोंड कुठे, हेही बघावं लागतं. पुढच्या मुठीकडे, प्लॅस्टिकच्या झाकणाकडे, चेन ब्रेककडे धूर गेला तर हात भाजतो किंवा झाकण वितळतं. पण कोणीतरी वाईट करतो म्हणून ती गोष्टच वाईट? धार चुकीच्या कोनात लावणारेही आहेत की.

काणकोणची_माई
मी मशीन चालवत नाही, ऐकते. माझा भाऊ चालवतो.

साधा चेनसॉच चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या वर जातो. जुन्या फॅक्टरी कायद्याखालच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा घातलेली. दर तीन डेसिबलला आवाजातली ऊर्जा दुप्पट होते. हे गणित तुम्ही सगळे क्षेत्रफळाच्या टक्क्यांसारखं का नाही मांडत? माझ्या भावाला हाक मारली तर तो दुसऱ्या हाकेला वळतो, आणि त्याचा सायलेन्सर अजून कंपनीचाच आहे. कानात काय असतं त्याच्या? रुमाल. डोक्याला बांधलेला.

मिस्त्रीबाब पिस्टन बदलून देतील. कान कोण बदलून देणार?

बुलेटवाला_म्हापसा
माई, इअर मफ मिळतो की बाजारात.

काणकोणची_माई
मिळतो रे. घालतो कोण मे महिन्याच्या उकाड्यात? आणि मजुराला घेऊन देतो कोण? सायलेन्सर उघडायचे पैसे मालकाच्या खिशातून निघतात, मफचे मजुराच्या.

सडेकर_डिचोली
माई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या दोन्ही माणसांना मफ मी घेऊन दिलेत आणि न घालता काम करू देत नाही. पण गोव्यात सरसकट काय चालतं ते तुम्ही म्हणता तसंच आहे.

ठेकेदार_सांखळी
थोडं वेगळं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आम्ही रस्ते मोकळे करत होतो. तारा तुटलेल्या, गुलमोहर आणि अकेशिया आडवे, लोक अंधारात. तिथे वेळ कशात गेला ते सांगतो. ताणाखाली असलेली फांदी कुठून कापायची हे ठरवण्यात, वीजखात्याचा माणूस यायची वाट बघण्यात, आणि अडकलेला बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) सोडवण्यात. चीर काढायला किती सेकंद लागले याने काहीच फरक पडला नाही. म्हणून ही "ताकद" मला शौकच वाटते. फळ्या चिरणाऱ्याचं वेगळं असेल.

दुसरं, झाड पाडायचं तर गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. उघड्या सायलेन्सरचा आवाज दोन वाड्यांपलीकडे जातो. वनखात्याला फोन करायला कोणी ना कोणी बसलेलाच असतो.

सडेकर_डिचोली
परवानगी खिशात असेल तर फोन करू दे की. आणि चोरून कापणाऱ्याला भीती वाटावी म्हणून माझं मशीन गप्प का राहावं?

फोंड्याचा_मिस्त्री
😀 हे मात्र खरं. तरी माझं मत बदललेलं नाही. शंभरातल्या पाच जणांना सायलेन्सर मोकळा केल्याचा फायदा होईल. मिल लावणारे, मोठा बार वापरणारे, टॅकोमीटर असलेले. बाकीच्यांना नुसता आवाज वाढल्याने ताकद वाढल्यासारखी वाटते. पटत नसेल तर तोच ओंडका, तीच चेन, घड्याळ लावून आधी आणि नंतर कापा. कान बंद करून.

आणि पेट्रोलही मोजा. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोकमध्ये पाव ते तिसरा हिस्सा मिश्रण न जळताच बाहेर जातं. वाट मोकळी केली आणि एच स्क्रू उघडला की ते वाढतंच.

सडेकर_डिचोली
पेट्रोल जास्त पितं, मान्य. दिवसाला निघणाऱ्या फळ्यांच्या हिशोबात मला परवडतं. त्या पाच जणांत मी आहे ना? मग झालं. धागा मी त्या पाच जणांसाठीच काढला होता, पहिल्या पोस्टमध्येच लिहिलंय.

कानस_चारपूर्णांकआठ
वाचणारे पंचाण्णव आहेत हो, बाब.

बागाईत_पेडणे
मी त्या पंचाण्णवांतला. ४५ सीसीचं आहे, दोन वर्षं जुनं, आता फणसाच्या ओंडक्यात बसतं. काय करू ते क्रमाने सांगा.

फोंड्याचा_मिस्त्री
आधी धार आणि टेकू. मग जाळी. मग एअर फिल्टर, काजूच्या दिवसांत तो लाल होतो. बार उलटा करून लावा, खाचेतला भुसा काढा, ऑइलचं भोक मोकळं आहे का बघा. ताजं पेट्रोल. एवढं करून बसलंच तर घेऊन या, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघतो. सायलेन्सरला हात लावू नका.

सडेकर_डिचोली
आणि कॉम्प्रेशन चांगलं निघालं तर मला मेसेज करा.