भूक कमी होणं हा आजार नाही

तुम्ही लिहिलंय की मुलगा तीन वर्षांचा झाला आणि दोन घासांत उठायला लागला, म्हणून मोबाईल दाखवून भरवावं लागतं. तुमची घालमेल मला समजते, माझ्या लेकीनेही अगदी हेच केलं होतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. २ ते ५ या वयात मात्र वर्षाला जेमतेम २ किलो वाढतं. भूकही त्याच मानाने कमी होते.

आमच्याकडे खरा घोळ दुधाचा होता. दिवसभरात चार पेले पोटात जात होते, मग जेवायला जागा कुठली! (जास्त दुधाने शरीरात लोहही कमी पडू शकतं.) दूध दोन छोट्या पेल्यांवर आणलं, जेवणाआधी दोन तास फक्त पाणी. आठवड्याभरात ती आपणहून ताटाशी येऊन बसायला लागली.

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांची विभागणी मला फार पटली: काय, कधी, कुठे हे आईवडिलांनी ठरवायचं, खायचं का आणि किती, हे मुलाने. मोबाईल खरंच बंद करा, पडद्यात डोळे अडकले की पोट भरल्याचं मुलाला कळत नाही.

नवी भाजी कधीकधी १०-१५ वेळा समोर यावी लागते. लेकीने गाजर आधी बोटाने ढकललं, मग चाटलं, मग एक दिवस कोपरा कुरतडला. मी काहीच बोलले नाही.

वजन घटत असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि द्राक्षं देताना उभी चिरूनच द्या, अख्खी घशात अडकतात.