रिहॅबमधली काउन्सेलर काहीच सांगत नाही, नुसतं ऐकते. असं असतं का?

थोरली_ताई:
धाकटा भाऊ दारूसाठी रिहॅबमध्ये आहे, पाचवा आठवडा चालू आहे. सुरुवातीचं डिटॉक्स, ते थरथरणं, रात्र रात्र झोप नाही, ते सगळं डॉक्टरांनी नीट सांभाळलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता जे काउन्सेलिंग चालू आहे त्यात म्हणे मॅडम विचारतात "आज कशाबद्दल बोलूया" आणि मग हाच बोलत बसतो. परवा फोनवर म्हणाला अख्खा तास आपल्या मेलेल्या कुत्र्याबद्दल बोललो. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. याला स्वतःचं भलं कळत असतं तर तिथे जायची वेळ आली असती का?? कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

रातकिडा:
ताई, मी त्या खुर्चीत बसलेलो आहे. दोन सेशन मी फक्त उशीच्या शिवणीचा दोरा उसवत बसलो, तो माणूसही गप्प. तिसऱ्या वेळी मुद्दाम डिवचायला म्हटलं, मला दारू सोडायचीच नाहीये. लेक्चर येणार म्हणून तयारच होतो, घरचं, बॉसचं, सगळ्यांचं ऐकून पाठ झालेलं. तर तो शांतपणे म्हणाला, "सोडायची नाहीये, आणि तरी इथे येऊन बसलायत." बस एवढंच. मला उत्तरच सुचेना, रात्रभर तेच डोक्यात. त्याने "सोडा" म्हटलं असतं तर मी न सोडायची वीस कारणं दिली असती, त्यात आम्ही एक्सपर्ट असतो. आणि कुत्र्याला हलक्यात घेऊ नका.

अधांतरी:
मी उलटं सांगते, राग मानू नका. आमच्या ह्यांनी असल्या काउन्सेलरला दोन महिने गोड बोलून गुंडाळून ठेवलं होतं. पकडले गेले ते ग्रुपमध्ये, बाकीचे पेशंट म्हणाले, साहेब ही थाप आम्हीपण मारायचो. नुसतं मान डोलावून काही होत नाही.

कान_देऊन:
मी याच कामात आहे. अधांतरी, तुमचं म्हणणं मान्य, पण नुसतं मान डोलावणं म्हणजे ही पेशंटला केंद्रस्थानी ठेवणारी (पर्सन-सेंटर्ड) थेरपी नव्हेच. ती मूळ कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, १९४०-५० च्या दशकातलं. समोरच्याला त्याच्या जागेवरून समजून घ्यायचं, अटी न घालता स्वीकारायचं आणि आपण स्वतः खोटं वागायचं नाही. हे तिसरं लोक विसरतात. मला थाप वाटली तर "माझा विश्वास बसत नाहीये" हे मी तोंडावर म्हणते, फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. १९८३ मध्ये विल्यम मिलरने यातूनच दारूच्या पेशंटसाठी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग मांडलं, त्यात मात्र काउन्सेलर थोडी दिशा देतो, बदलाचा शब्द पेशंटच्या तोंडून निघाला की तो अलगद उचलून धरतो. पुढे १९९३ च्या त्यांच्या एका अभ्यासात दिसलं की काउन्सेलर जितका अंगावर जात होता तितकं त्या माणसाचं वर्षभरानंतरचं पिणं जास्त होतं.

थोरली ताई, बोलायचा विषय भाऊ ठरवतो, पण औषधं, टेस्ट, ग्रुपची वेळ, दारू आत आणायची नाही, हे काही तो ठरवत नाही. आणि एकट्या गप्पांवर सोडू नका, दारूची ओढ कमी करणारं औषध, म्हणजे नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट त्याला चालेल का हे डॉक्टरांना विचारा. सेशनमध्ये काय बोलणं झालं ते मात्र त्याच्याकडून काढून घेऊ नका, तिथे घरचा पहारा नाही म्हणूनच तो बोलतोय.

थोरली_ताई:
सगळ्यांचे आभार. औषधांचं उद्याच विचारते. कुत्रा गेला तेव्हा हा बारावीत होता, दहनालाही गेला नाही, खोलीत बसून राहिला, आणि पहिल्यांदा पिऊन आला तो त्याच महिन्यात. मी आत्ता हे टाइप करताना जोडलं. रविवारी भेट आहे. "काय शिकलास" विचारणार होते, आता नाही विचारत.

रातकिडा:
कुत्र्याचा फोटो असेल तर घेऊन जा.