अनुभव सांगा: तुमच्याकडचं ऊन कसं असतं?

माहेर_दापोली
आज कोठ्यातून कुलर काढला. पत्र्याचा, सासऱ्यांनी अकोल्याहून बनवून आणलेला. जुनं गवत काढून फेकलं, नवीन भरलं, टाकीत बादलीभर पाणी ओतलं आणि तो ओल्या लाकडाचा वास आला. तेवढ्यात दापोलीहून भाचीचा फोन. "आत्या, 34 आहे इथे, मरतोय आम्ही." मी मोठ्यानं हसले. मग माझी मलाच लाज वाटली, कारण 22 वर्षांपूर्वी मीही तशीच होते.

लग्न मे महिन्यातलं, दर्यापूरजवळच्या गावात. आम्ही बडनेऱ्याला उतरलो तर सासरच्यांनी पाणी विचारायच्या आधी पांढरे दुपट्टे वाटले. माझ्या मामानं ऐटीत फेटा बांधला. सासरे म्हणाले, "मामा, कान. कान झाका." त्याला कळेना, लग्नघरी कानाचं काय! तासाभरात कळलं.

पहिले दोन दिवस मी खूश होते, कारण घाम नाही. दापोलीत मे महिन्यात पदर सतत पाठीला चिकटलेला, इथं अंग कोरडं ठक्क. सासूबाई म्हणाल्या, येते व घाम, पण दिसाच्या आधीच वाळते. तिसऱ्या दिवशी माझा घोळणा फुटला. पांढऱ्या ओट्यावर टपटप रक्त, मी रडायला लागले. त्यांनी मला न्हाणीत बसवलं, टाळूवर तांब्यानं पाणी सोडलं आणि ढेकळावर पाणी शिंपडून ते नाकाशी धरलं, हुंग म्हणाल्या. मातीचा तो वास अजून नाकात आहे.

तुमचं लिहा. कुठल्याही गावचं चालेल. आणि हो, पंप नुसता गुंऽऽ करतोय, पाणी वर चढत नाही. कुणाला कळत असेल तर सांगा.

पऱ्हाटी
ताई दर्यापूर म्हंजे खारपानपट्टा, जमिनीतलं पानीच खारं. पंपात खार धरला असन. निंबू पिळून रातभर पान्यात ठेवा. बाकी मंग लिहितो, वावरात आहो.

डबल_बेल
एसटीत वाहक होतो, 31 वर्षं. बाहेरचा माणूस ओळखायची खूण सांगतो. दुपारी एक वाजता जो खिडकी उघडी ठेवतो तो पुण्या-मुंबईचा. आपला माणूस काच ओढून घेतो, वर दुपट्टा लावतो. वारा येतो ना, पण तो वारा नाही, भट्टीचं तोंड आहे. यवतमाळ-पुसद फेरीला एका साहेबांनी खिडकीची दांडी धरली आणि असा हात झटकला की शेजारच्या म्हातारीच्या पिशवीतले आंबे सांडले. आंबे गोळा करता करता माझी घंटी द्यायची राहिली. ड्रायव्हर तर इंजिनाला मांडी लावूनच बसलेला, त्याचं काय सांगावं. ओला पंचा मानेवर टाकायचा, पुढच्या थांब्यापर्यंत कडक.

माहेर_दापोली
अगदी! माझी पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंशी हीच लढाई. मी दारं-खिडक्या उघडत जायची, हवा येऊ दे म्हणून, त्या मागून लावत यायच्या. दापोलीत दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, त्यासाठी घर उघडं लागतं. इथं सकाळी नवाला घर बंद, संध्याकाळी सहाला उघडायचं. मला वाटायचं कोंडून मारतात की काय.

बुलडाणेकर
आमच्याकडे मे महिन्यात पहाटे चादर घ्यावी लागते. इतकंच सांगायचं होतं.

पुण्यात_अडकलेला
याला कुणीतरी नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, मलकापूरला नेऊन सोडा.

बुलडाणेकर
हाहा. मलकापूर घाटाखाली ना भाऊ. राजूर घाट उतरला की कान गरम व्हायला लागतात, जिल्हा तोच पण उन्हाळे दोन. माझी बहीण नांदुऱ्याला दिली आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आली की म्हणते, मी दोन दिवस झोपायला आले, माझ्याशी बोलू नका.

मोहफूल
ब्रम्हपुरीकडचा आहे. आमच्या गावाचं नाव टीव्हीवर फक्त मे महिन्यात येतं. तापमानाच्या यादीत कधी आम्ही वर, कधी चंद्रपूर, कधी अकोला. पाव्हणे फोन करून अभिनंदन करतात, जसा काही मीच तापवला.

पण आमचा उन्हाळा कुलरमध्ये बसायचा नसतो. मार्च-एप्रिलात मोहफुलं. रात्री गळतात, पहाटे अंधारात वेचायला जायचं. ऊन चढलं की फूल मऊ पडतं आणि गुरंही येतात. वाकून वेचणारा माणूस मागून जनावरासारखाच दिसतो, म्हणून वाघाची भीती. चार-पाच बाया मिळून, बोलत, खोकत जायचं. मे महिन्यात तेंदूपानं. पहाटे चारला निघायचं, दहाच्या आत परत, मग अंगणातल्या मांडवात दिवसभर पुडे बांधायचे, 70 पानांचा एक. मांडवावर जांभळीच्या हिरव्या फांद्या टाकतो. आठवड्यात वाळतात, पुन्हा नवीन. स्लॅबच्या घरात राहणारा माझा भाऊ दुपारी आमच्याच मांडवात येऊन झोपतो.

अन् कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायचं काम याच उन्हात. पावसाच्या आधी झालं पाहिजे, वांदरांनी वर्षभर नाचून फोडलेले असतात. तळपाय भाजतात म्हणून पोत्याचा तुकडा बांधून वर चढतो.

सुपडं
कवेलूवरची वांदरं... नका आठवण काढू. आमचे सरगुंडे (कणकेचं वाळवण) खाटेवर वाळत घातले होते, एक धाड आली, अर्धे सरगुंडे गेले आणि खाटेची सुतळीही. आईनं उरलेल्यांवर चाळणी घातली आणि काठी घेऊन दिवसभर उन्हात बसली. वाळवण काय आणि आई काय, दोन्ही सारखीच वाळली. शेवटी ते सरगुंडे आमरसासोबत आम्हीच खाल्ले.

पुण्यात_अडकलेला
मूळ यवतमाळ. ऑफिसात 39 झालं की सगळे वारले. मी म्हणतो आमच्याकडे याला सकाळ म्हणतात. पण खरं सांगू, पुण्यात रात्री तरी गार व्हायचं, आता तेही कमी. गावी मात्र रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी दिवसाचं ऊन लागतं.

2024 च्या मे अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवलं होतं, आठवतं? मला एका दिवसात चाळीस जणांनी तो फोटो पाठवला. नंतर कळलं सेन्सर बिघडला होता. माझा मामा म्हणाला, बिघडला नाही रे, यंत्रालाच ऊन लागलं.

गुरुजी
भाची चुकलेली नाही, ताई. हवामान खातं सपाटीवर 40 च्या खाली उष्णतेची लाट धरत नाही, किनाऱ्यावर 37 लाच विचार सुरू होतो, डोंगरात 30 ला. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड व्हायचं ते घाम वाळूनच. 34 ला ती खरंच हैराण असेल. कुलरचंही तेच. कोरड्या हवेत पाणी उडतं म्हणून गार वारा मिळतो. रत्नागिरीत तोच कुलर लावला तर नुसती घरात वाफ.

मी रत्नागिरीत दोन वर्षं होतो, मग भंडारा जिल्ह्यात साकोलीला बदली. तिकडची शाळा जूनच्या मध्यात उघडायची, इथं जूनच्या शेवटी. पहिल्या वर्षी सवयीनं लवकर हजर झालो. शाळेला कुलूप, अंगणात एक गाय. माझी ट्रंक ठेवायला एका दुकानदारानं जागा दिली, वर ताक पाजलं आणि म्हणाला, गुरुजी, या उन्हात पोरं येत नाहीत, तुम्हीच आलात.

माहेर_दापोली
तिला फोन करून सॉरी म्हणते :)

गावची_आशा
दुपारी कामात होते, आता लिहिते. कांद्याचं सगळेच विचारतात. ठेवा खिशात, आमचे आजोबाही ठेवायचे, पण कांद्यानं ऊन थांबत नाही हो. गेल्या वर्षी एक जण लग्नाच्या वरातीतून आणला. खिशात दोन कांदे, पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. बडबडत होता, बायकोला ओळखेना, अंग तव्यासारखं. असं झालं की घरगुती करत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि गाडी बोलवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, आम्ही पोचलो तेव्हा चारजण तेच करत होते. तो वाचला. वरात मात्र थांबली नाही, बँड वाजतच होता.

मे महिन्यात दुपारी बाराचा मुहूर्त काढणाऱ्या भटजींना काय म्हणावं? मांडवात टिनाचे पत्रे, आलू-वांग्याची भाजी, गरम बुंदी. मठ्ठ्याच्या पिंपापाशी नवरदेवापेक्षा जास्त गर्दी.

सुपडं
मुहूर्त भटजी नाही, मंगल कार्यालयाची तारीख ठरवते ताई.

पऱ्हाटी
आलो. आमचं काम पहाटी पाच ते दहा. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, आता वखर चालू आहे. मजूर दहाच्या वर थांबत नाई अन् थांबवाची हिंमतबी नाई. माह्या बापाच्या वेळी घर धाब्याचं होतं. पांढऱ्या मातीचं धाबं, हातभर जाड भिंत, आत गेलं की डोये दोन मिनिट आंधळे अन् आंग गार. मीच हट्ट करून स्लॅब टाकला. बाप म्हने, टाक, पन माही बाज निंबाखाली राहू दे. अजूनबी थेच झोपते. मी स्लॅबखाली कुलर लावून जागतो, लाईट गेली की मीबी निंबाखाली.

खाऱ्या पान्यानं कुलरच्या जाळीवर पांढरी पपडी धरते, थे पाहा. वर्साला जाळी बदलतो आमी.

संत्रा_बाग
वरुडकडचा. तुम्ही स्वतःला वाचवता, आम्ही मुद्दाम झाडं उपाशी ठेवतो. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, एप्रिल-मे मध्ये पाणी तोडून ताण द्यायचा, पानं कोमेजून मुडपली पाहिजेत. शेजारी आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुललेली) बाग असेल तर तिथं उलटं, पाणी कमी पडलं की बोराएवढी फळं टपाटप गळतात. एका धुऱ्यावर एक झाड तहानेलं, एक झाड पितंय. पाहुणे म्हणतात इकडं पाणी द्यायला विसरलात वाटतं. आमचा तालुका भूजलाच्या डार्क झोनात, म्हणजे जमिनीतलं पाणी अति उपसलेला, पाणी असेल तर विसरू ना.

दुपारी घरी डांगर कापून ठेवतो, साखर टाकून.

बुलडाणेकर
डांगर म्हणजे भोपळा ना? साखर टाकून कच्चा??

संत्रा_बाग
खरबूज हो. नदीच्या रेतीत डांगरवाडी असते.

माहेर_दापोली
आमच्याकडे डांगर म्हणजे उडदाचं पीठ कालवलेलं. सासूबाई पहिल्यांदा "डांगर आणलं" म्हणाल्या तेव्हा मी वाटी घेऊन गेले होते.

मोहफूल
वाटी! हाहाहा. आमच्याकडे वैनगंगेच्या रेतीत पिकायचं. ढीवर (मासेमार) भाऊ रात्री राखण करायचे, टरबूज रेतीत पुरून ठेवायचे, पहाटे काढलं की फ्रिजपेक्षा गार.

नुसता_वाचक
कधी लिहीत नाही पण कुलरचा विषय निघाला म्हणून. माझ्या मेव्हण्यानं चालू कुलरमध्ये हात घालून पंप हलवला. अनवाणी, फरशी ओली, पंपाची वायर उंदरानं कुरतडलेली. चिकटला. त्याच्या पोरीनं शहाणपणानं हात न लावता भिंतीवरचं बटन पाडलं म्हणून आज आहे. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर. पाणी भरतानासुद्धा प्लग काढा. बटन बंद केलं म्हणजे झालं नाही, प्लग काढा.

गावची_आशा
हे वर टाकून ठेवा. दर उन्हाळ्यात असं एखादं तरी ऐकतो.

डबल_बेल
पोरगी केवढी होती?

नुसता_वाचक
सहावीला.

माहेर_दापोली
वाचून अंगावर काटा आला. मी दुपारी तसाच हात घालणार होते, खरं सांगते. आता प्लग काढून पंप बाहेर घेतला. खाली जाळीवर हा एवढा खार, नखानं निघेना. निंबू संपले होते म्हणून कैरीच्या फोडीनं घासला, सासूबाई ओरडल्या, पन्ह्याची कैरी ती! जुन्या ब्रशनं आत साफ केलं, पुन्हा बसवला, पायात चप्पल घालून प्लग लावला.

चढलं पाणी. तिन्ही बाजूंनी गवत ओलं झालं, सासूबाई बाज ओढून समोर आल्या, पदर बाजूला करून डोळे मिटले.

आणि लाईट गेली.

पऱ्हाटी
निंबाखाली या.