बुरशीतून निघालेले पतंग: ग्रॅनेला की क्लोएसेला, आणि ड्रायाडॉला कुठल्या कुळात?

खोडकिडा
स्कॉटलंड. बर्चच्या खोडावरची कडक बुरशी, फोमिटॉप्सिस बेट्युलिना, मार्चपासून डब्यात आहे. दोन तऱ्हेचे पतंग निघालेत. एक पांढुरका, तपकिरी चट्ट्यांचा, पंखविस्तार 14 मिमी. दुसरा काळा, पांढरे ठिपके, नारिंगी डोकं, 18 मिमी. पहिला नेमापोगॉन ग्रॅनेला की क्लोएसेला, या सारख्या दिसणाऱ्या दोन जातींपैकी कुठला? शिवाय जुन्या यादीत ड्रायाडॉला हा पतंगांचा गट टिनिइडी कुळात दिसतो, नव्यात नाही. कुठली यादी धरायची?

सूक्ष्मदर्शी
काळा तो ट्रायाक्सोमेरा फुल्विमिट्रेला, त्यात वाद नाही. पांढुरका उघड्यावरच्या बुरशीतून आलाय म्हणजे बहुधा क्लोएसेला. ग्रॅनेला जास्त करून साठवलेल्या धान्यात सापडतो. पण "बहुधा" नोंदवहीत चालत नाही, आणि फोटोवरून तर मुळीच ठरवू नका.

खरी खूण जननांगांत असते, म्हणून उदर अलगद तोडा, पतंगाचा आणि उदराचा नंबर एकच ठेवा. 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दाहक द्रावणात रात्रभर भिजू द्या. घाई असेल तर नळी गरम पाण्यात 10-15 मिनिटं उभी करा. थेट आचेवर धरलीत तर द्रव उसळून डोळ्यांत जातो, म्हणून चष्मा हवाच. मग पाण्यात बारीक कुंचल्याने खवले झाडा. जास्त वेळ ठेवलं की पातळ पडदे विरघळतात आणि मादीच्या जननांगांतल्या नलिका ओढताना फाटतात.

रानअळंबी
नवी यादी धरा. 2015 मध्ये रेजियर आणि सहकाऱ्यांनी डीएनएवरून टिनिइडीतून दोन कुळं वेगळी काढली: ड्रायाडॉलिडी आणि मीसीडी. नेमापोगॉन आणि ट्रायाक्सोमेरा मात्र टिनिइडीतच, नेमापोगॉनिनी उपकुळात. ड्रायाडॉलाच्या नराची जननांगं डावी-उजवीकडे सारखी नसतात, ही त्याची चांगली खूण.

प्रसाराच्या नकाशावर आंधळा विश्वास नको. पतंगांचे अभ्यासक मेयरिक यांनी 1902 मध्ये वर्णन केलेला ड्रायाडॉला पॅक्टोलिया न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडचा, आणि युरोपात सापडतो तो वाइनच्या तळघरांत, व्हिस्कीच्या गोदामांत, भिंतींवरच्या काळ्या बुरशीवर. तिथला ठिपका जंगलाचा नव्हे, माणसाच्या मालवाहतुकीचा.

सूक्ष्मदर्शी
भारतातल्यांसाठी: मोरोफागा ब्युसेफाला हा बुरशीत वाढणारा पतंग भारतापासून जपानपर्यंत नोंदलेला आहे. तो स्कार्डीनी उपकुळातला. या उपकुळाचा मोठा आढावा रॉबिन्सनने 1986 मध्ये घेतला. सह्याद्रीत फणसोंब्यासारख्या कडक बुरशा तपासायला हरकत नाही. खालच्या बाजूला रेशमाने चिकटलेला विष्ठेचा भुसा आणि अर्धा बाहेर आलेला रिकामा कोष, या दोन गोष्टी बघा.

खोडकिडा
दुसऱ्या डब्यात नुसता बारीक भुगा पडलाय, पतंग एकही नाही.

रानअळंबी
भुगा कोरडा आणि रेशमाशिवाय असेल तर ते सियिडी कुळातले भुंगेरे. बुरशी पोकळ करून टाकतात, अळ्यांना काही उरत नाही. तो डबा लांब ठेवा, नाहीतर बाकीच्यांत शिरतील. उरलेल्या डब्यांचं झाकण जाळीचं करा, आठवड्यातून एकदा हलकं पाणी फवारा. गच्च बंद डब्यात हिरवा बुरा येतो आणि अळ्या कुजतात.