मॅमथच्या दाढेला अभ्यासाच्या नमुन्यासाठी भोक पाडू द्यावं का?

अश्मक
संग्रहालयात मॅमथची दाढ दिसली की दोन मिनिटं थांबून नीट बघा. चावण्याची बाजू टाकी लावलेल्या जात्यासारखी असते, एनॅमलच्या, म्हणजे दातावरच्या कठीण थराच्या, आडव्या कडा एकामागे एक. अशा दाढांचे जन्मभरात सहाच संच. जुनी झिजायची, मागची पुढे सरकायची, आणि सहावी झिजली की चारा चावणंच संपलं. अशाच दाढा आणि जबडे पारखून फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिएनं १७९६ साली सांगितलं की हा आजचा हत्ती नव्हे, नामशेष झालेला वेगळा प्राणी आहे. त्याला ड्रिल लागलं नाही. पाडलेलं भोक पुन्हा भरून येत नाही, म्हणून माझा साफ विरोध.

रानवारा
कळकळ पटली, विरोध नाही पटला. रशियन जीवाश्मतज्ज्ञ आंद्रेई शेर यांनी १९७०च्या दशकात सायबेरियात गोळा केलेल्या दाढा कित्येक वर्षं संग्रहात पडून होत्या. त्यांची चिमूटभर पूड घेतली आणि २०२१ मध्ये दहा लाख वर्षांहून जुना डीएनए वाचला गेला! त्यातली क्रेस्तोव्का या ठिकाणची दाढ तर कुणाला ठाऊकच नसलेल्या वंशाची निघाली. नुसत्या डोळ्यांना हे कधी दिसलं असतं?

अश्मक
ती किमया गोठलेल्या जमिनीची. उबदार मातीत निघालेल्या दाढेत इतका जुना डीएनए उरत नाही. तिथे भोक पाडून हाती काय लागणार?

पाणवठा
डीएनए नसला तरी एनॅमल बोलतं. प्राणी जिथे चरतो तिथल्या खडकांची खूण स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या रूपात दातात उतरते. सुळा हाही दातच. अलास्कातला सतरा हजार वर्षांपूर्वीचा एक सुळा उभा चिरला, तेव्हा त्या नराची जन्मापासून मरेपर्यंतची, २८ वर्षांची भटकंती नकाशावर मांडता आली. शेवटच्या हिवाळ्यात तो उपाशी मेला, हेही त्यातच सापडलं. हे वाचून मला गलबलून आलं होतं. तो सुळा अखंड ठेवला असता तर ही कहाणी आतच राहिली असती.

अश्मक
सुळ्याचं मानतो. मग माझी अट ऐका: आधी त्रिमितीय स्कॅन आणि साचा, मगच ड्रिल. तेही मुळाकडून. चावण्याच्या बाजूला हात लावायचा नाही.

रानवारा
स्कॅन, साचा मान्य. पण स्ट्रॉन्शियमला मुळाची पूड चालत नाही, त्यात मातीतलं मिसळलेलं असतं. एनॅमलच लागतं.

अश्मक
मग बाजूच्या कडेचं घ्या. वरच्या कडांवर त्या जनावराच्या चावण्याची झीज आहे, ती मी देणार नाही.