मोंढ्याच्या पट्ट्यांना टर्मिनलमध्ये रंग द्यायचाय, सुरुवात कुठून करू?

सोयाबीनवाला, उदगीर
आमची मोंढ्यात आडत आहे. रोजची आवक सीएसव्ही फाइलीत असते, पायथॉनचा छोटा प्रोग्राम ती टर्मिनलच्या काळ्या स्क्रीनवर दाखवतो. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. त्याखाली भाव गेलेली पट्टी (विक्रीचा हिशेब) आण्णांना लगेच दिसावी म्हणून रंगाचे कोड हातानं टाकले: एस्केप, चौकोनी कंस, ३१ आणि एम, म्हणजे लाल. रंग थांबवणारा शेवटचा शून्याचा कोड विसरला की खालची अख्खी यादी लाल होते. तीच यादी फाइलीत उतरवली की ओळीओळीत कचरा. रंगीत छापणारी पायथॉनची 'रिच' लायब्ररी घ्यावी का?

मांजराकाठ, लातूर
घे. 'पिप इन्स्टॉल रिच' कर आणि आधी 'पायथॉन -एम रिच' चालवून बघ. रंग, तक्ते सगळं एका पानात दिसतं, तुझी स्क्रीन किती रंग दाखवते तेही कळतं.

मग प्रोग्राममध्ये रिचचा कन्सोल (छापायचं काम करणारा भाग) बनव आणि त्याच्या प्रिंटनं छाप. मजकुराआधी चौकोनी कंसात 'बोल्ड रेड' लिही. बंद करायला विसरलास तरी रंग त्या एका प्रिंटपुरताच राहतो. यादी फाइलीत वळवलीस तर समोर टर्मिनल नाही हे रिच ओळखतं आणि कोड गाळतं.

एक गोष्ट पहिल्या दिवशीच कर. जागोजागी 'रेड' लिहू नकोस. थीममध्ये, म्हणजे शैलींच्या यादीत, कमी भावासाठी 'लो' नावाची शैली ठेव आणि तीच वापर. मी आधी सगळीकडे रंगच लिहिले होते, नंतर लालचा नारंगी करायचा ठरला तेव्हा सगळी फाइल चाळावी लागली. नाव मात्र इंग्रजी छोट्या अक्षरांत हवं. देवनागरीत दिलं तर रिच त्याला टॅग, म्हणजे शैलीची खूण, मानत नाही, कंसासकट छापतं.

सोयाबीनवाला, उदगीर
रात्रीच बसून केलं. लई मोकळं वाटायलंय. पण आमच्या फाइलीत गावाचं नाव चौकोनी कंसात, इंग्रजी छोट्या अक्षरांत असतं. ते गायबच झालं! एरर पण नाही.

मांजराकाठ, लातूर
ते नाव त्याला शैली वाटलं. अशी शैली सापडली नाही की रिच गप्प बसतं. रिच.मार्कअपमधलं 'एस्केप' हे फंक्शन आण, ते कंसाला साधा मजकूर ठरवतं, आणि फाइलीतून आलेला मजकूर त्यातूनच जाऊ दे. बाहेरून आलेल्या मजकुराला हे लागतंच.

दुधनाकाठ, जालना
रंगासोबत ▼ अशी खूणही ठेवा. माझ्या काकांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, आमच्या दुकानात ते खुणेवरूनच ओळखतात. आणि मराठी मथळ्यांचा तक्ता केलात तर उभ्या रेघा हलतील. 'किंमत' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पायथॉन पाच मोजतं, मात्रांना किती जागा द्यायची हे टर्मिनल आपल्या मनानं ठरवतं. मी मराठी मजकुराचा स्तंभ शेवटी ठेवला आणि उजवी कडा काढून टाकली.

सोयाबीनवाला, उदगीर
गावाचा स्तंभ शेवटी नेला, आकडे आता सरळ रेषेत आहेत. खूण आज दुपारी टाकतो, आण्णांना विचारून.